माळ्यावरची ट्रंक उघडण्याआधी
(जुनी पत्रे, रोजनिशा, आठवणींच्या वह्या जतनासाठी देणाऱ्या ग्राहकांकरिता)

आमची पहिली विनंती: आम्ही पाहीपर्यंत काहीही आवरू नका. सुतळी सोडू नका, पत्रे तारखेने लावू नका, रिकामी पाकिटे टाकू नका. जुन्या मोडी पत्रांवर पुष्कळदा चंद्र (म्हणजे हिजरी महिन्यातली तारीख) आणि महिना असतो, साल नसतेच. मग त्याच गठ्ठ्यातल्या पुढच्या-मागच्या पत्रांवरून ते ठरवावे लागते. गठ्ठा फुटला की ती सोय गेली. पोस्टकार्डावर टपालाचा शिक्का तेच काम करतो.

'त्यात काय, बायकांची पत्रे, पापड-लोणच्यांचा हिशेब' असे म्हणून बाजूला काढलेले कागद तर आवर्जून आणा. कार्डावरची जागा संपली की समासात, मग उलटे धरून पत्त्याच्या कडेने लिहिलेल्या दोन ओळींतच बाळंतपणाची किंवा आजारपणाची खरी बातमी असते. म्हणून स्कॅन करताना आम्ही कार्ड दोन्ही बाजूंनी, कडांसकट घेतो.

मजकुराला आम्ही हात लावत नाही

पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे पैसा मिळवायला उत्तरेकडे गेले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. झाशीचा वेढा त्यांनी शहरात राहून पाहिला. त्यांच्या आठवणी चिं. वि. वैद्य यांनी १९०७ मध्ये 'माझा प्रवास' म्हणून छापल्या, पण भाषा बदलून आणि काटछाट करून. मूळ मोडी हस्तलिखित मात्र वैद्यांनी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे दिले, आणि त्यावरून द. वा. पोतदार यांनी १९६६ मध्ये मूळ पाठ प्रसिद्ध केला. वही रद्दीत गेली असती, तर गोडशांची स्वतःची भाषा आज आपल्याला वाचायलाच मिळाली नसती.

आपल्या आजोबांनी 'जातों', 'करितों' लिहिले असेल, तर लिप्यंतरातही तसेच येईल. न लागलेला शब्द कंसात प्रश्नचिन्ह घालून सोडतो, अंदाजाने भरत नाही.

कागदाचे

बोरूने, काजळाच्या शाईने हातकागदावर लिहिलेले पत्र दोनशे वर्षांनीही ठसठशीत दिसते, पण ओले फडके फिरवले की शाई पसरते. विसाव्या शतकातला गिरणीचा कागद पिवळा पडून घडीवर तुटतो. सर्वांत मोठे नुकसान सेलोटेप आणि लॅमिनेशनने होते. टेपचा चिकट थर तपकिरी होऊन कागदात मुरतो आणि लॅमिनेट केलेले पत्र सहसा धड सोडवता येत नाही. कृपया दोन्ही टाळा.

आम्ही आधी शाई तपासतो, मग फाटलेल्या जागी जपानी टिश्यू हा पातळ पण चिवट कागद गव्हाच्या खळीने लावतो. पुढे कोणाला काढायचा झाला तर तो काढता येतो. कसर किंवा वाळवी दिसली तर औषध फवारू नका. तो गठ्ठा वेगळ्या पिशवीत बांधून आणा. कोकणातल्या घरातून आणायचे असेल तर पावसाळा सरू द्या.

खासगीपणाचे

पत्रांत उसनवारी असते, भाऊबंदकी असते, मोडलेली लग्ने असतात. आपले कागद आम्ही कोणालाही दाखवत नाही. स्कॅन आपल्या हाती पडल्याची पोच मिळाली की आमच्याकडची प्रत पुसतो. मूळ कागद एखाद्या संग्रहाला द्यायचे असतील, तर अमुक पत्रे इतकी वर्षे कोणाला दाखवू नयेत, अशी अट आधीच बोलून लेखी घालून घ्या. छापायचे मनात असेल तर एवढे ध्यानात असू द्या: कागद आपल्याकडे असला तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा, आणि त्याच्यामागे त्याच्या वारसांचा असतो.

दर पाने मोजून लेखी कळवतो. पहिल्या भेटीला शक्य असेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांना बरोबर आणा. पत्रातले 'चि. बाळ' कोण आणि 'गावची माई' कोण, हे त्यांनाच ठाऊक असते.