कोर्टानं सोडलं, तरी बंदी का राहते?

क्रिकेटपटू मोहम्मद आमीर स्पॉट फिक्सिंगपायी तुरुंगात जाऊन आला आणि पुन्हा पाकिस्तानकडून खेळला. श्रीशांतला कोर्टानं आरोपमुक्त केलं आणि तो भारताकडून परत कधीच खेळला नाही. ही दोन वाक्यं शेजारी ठेवली की आपल्याकडच्या कट्ट्यावरची एक पक्की समजूत अडचणीत येते. कोल्हापुरात शिवाजी पेठेत असो वा रंकाळ्यावर, एखाद्या खेळाडूचं प्रकरण निघालं की कुणीतरी म्हणतंच, ‘कोर्टानं सोडलंय न्हवं, मग खेळू द्या की!’ किंवा उलट, ‘बंदी घातलीय म्हणजे केलंच असणार त्यानं, आत टाका.’ दोन्ही वेळा गफलत एकच होते. गुन्हेगारी खटल्याचा निकाल आणि खेळाच्या संघटनेची शिक्षा यांना आपण एकाच दाव्याच्या दोन सुनावण्या समजतो. प्रत्यक्षात ते दोन वेगळे दावे असतात. प्रश्न वेगळा, पुरावा वेगळा आणि शिक्षाही वेगळी.

कोर्ट विचारतं, कायद्याच्या पुस्तकात लिहिलेला गुन्हा घडला का? आणि तो संशयाला जागा न राहता सिद्ध झाला का? संघटना विचारते, आमचा नियम मोडला का? तिथं पुराव्याची पायरी खाली असते. सगळ्या शंका फिटायची गरज नसते, समितीची खात्री पटण्याइतका पुरावा पुरतो. कुणाला हा अन्याय वाटेल. पण कोर्ट माणसाचं स्वातंत्र्य काढून घेऊ शकतं, संघटना फक्त मैदान काढून घेते. हा फरक जमेस धरला तर पायरी वेगळी असण्यात मला तरी गैर काही दिसत नाही.

भारतात यात आणखी एक मेख आहे. मॅच फिक्सिंग हा गुन्हा आहे असं सांगणारा स्वतंत्र केंद्रीय कायदाच आपल्याकडे नाही. श्रीलंकेनं तो २०१९ मध्ये केला. आपल्याकडे पोलीस मग फसवणुकीचं ४२० कलम लावायचे. कर्नाटक प्रीमियर लीगच्या प्रकरणात २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं ते गुन्हेच रद्द केले. न्यायालयाचं म्हणणं साधारण असं: फिक्सिंग करणारा खेळाडू अप्रामाणिक असेल, शिस्तभंगाची कारवाई क्रिकेट मंडळ करू शकतं, पण याला ४२० लागू होत नाही. म्हणजे तिथं आरोपी सुटले ते ‘केलं नाही’ म्हणून सुटले असं त्या निकालावरून म्हणता येत नाही. बातमीच्या मथळ्यात मात्र फक्त ‘दिलासा’ एवढंच येतं.

श्रीशांतचं प्रकरण जरा सावकाश बघण्यासारखं आहे, कारण त्यात दोन्ही दावे एकमेकांत पाय अडकवत चाललेले दिसतात. मे २०१३ मध्ये आयपीएल चालू असताना दिल्ली पोलिसांनी त्याला स्पॉट फिक्सिंगच्या, म्हणजे पैसे घेऊन सामन्यातला एखादा भाग आधी ठरवल्याच्या, आरोपाखाली अटक केली. पुढं मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीचा कायदाही लावला. सप्टेंबरमध्ये मंडळानं तहहयात बंदी घातली. जुलै २०१५ मध्ये दिल्लीच्या न्यायालयानं त्याला, अंकित चव्हाणला, अजित चंडिलाला आणि बाकीच्यांना आरोपमुक्त केलं. खटला उभाच राहिला नाही. केरळमध्ये जल्लोष झाला. मंडळानं बंदी काही उठवली नाही.

मग श्रीशांत दुसऱ्या दारानं कोर्टात गेला. या वेळी तो आरोपी नव्हता, तक्रारदार होता, आणि तक्रार बंदीविरुद्ध होती. केरळ उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी ऑगस्ट २०१७ मध्ये बंदी उठवली. ऑक्टोबरमध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठानं ती परत बसवली. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तहहयात बंदी रद्द केली, पण त्याला दोषी ठरवणारा निष्कर्ष रद्द केला नाही. शिक्षा जरा जास्त झाली, पुन्हा ठरवा, एवढंच सांगितलं. मंडळाच्या लोकपालांनी मग ती सात वर्षांवर आणली आणि १३ सप्टेंबर २०२० ला ती संपली. जानेवारी २०२१ मध्ये तो मुश्ताक अली टी-ट्वेंटी स्पर्धेत केरळकडून खेळला, मार्च २०२२ मध्ये निवृत्त झाला. अटकेच्या वेळी तो तिशीत नुकता पोचला होता. बंदी संपली तेव्हा सदतीस वर्षांचा वेगवान गोलंदाज होता. सर्वोच्च न्यायालय बंदी उठवू शकतं, वय उठवू शकत नाही.

आता आमीर. ऑगस्ट २०१० ला लॉर्ड्सवर ठरवून नो-बॉल टाकले तेव्हा तो अठराचा होता. आयसीसीच्या लवादानं फेब्रुवारी २०११ मध्ये त्याला पाच वर्षं, त्याच्या जोडीचा गोलंदाज मोहम्मद आसिफला सात आणि कर्णधार सलमान बटला दहा वर्षं बंदी दिली. आसिफच्या दोन आणि बटच्या पाच वर्षांना काही अटींवर स्थगिती होती. खटला नंतर उभा राहिला. नोव्हेंबर २०११ मध्ये लंडनच्या न्यायालयानं बटला ३० महिने, आसिफला एक वर्ष आणि आमीरला सहा महिने कैद दिली. इंग्लंडच्या जुगाराच्या कायद्यात फसवणुकीचं कलम स्पष्ट लिहिलेलं होतं, म्हणून तिथं तुरुंग झाला. आमीरनं कोर्टात गुन्हा कबूल केला होता. तो तेविसाव्या वर्षी मोकळा झाला, २०१६ मध्ये त्याच लॉर्ड्सवर कसोटी खेळला आणि २०१७ च्या चॅम्पियन्स ट्रॉफीच्या अंतिम सामन्यात त्यानं रोहित, कोहली आणि धवनला कसं काढलं ते आपण विसरलेलो नाही. आसिफ बंदीच्या वेळी अठ्ठावीसचा होता आणि अनेकांच्या मते आमीरपेक्षा सरस. २३ कसोटींत १०६ बळींवर तो थांबला तो थांबलाच.

अझरुद्दीनचा निकाल तर अजून उशिरा आला. डिसेंबर २००० मध्ये मॅच फिक्सिंगपायी तहहयात बंदी, आणि आंध्र प्रदेश उच्च न्यायालयानं ती बेकायदा ठरवली नोव्हेंबर २०१२ मध्ये. तोवर तो एकोणपन्नास वर्षांचा खासदार झाला होता आणि त्याच्या कसोटींचा आकडा ९९ वर अडकला तो अडकलाच. निकालाचा उपयोग झाला, पण वेगळ्या ठिकाणी: २०१९ मध्ये तो हैदराबादच्या क्रिकेट संघटनेचा अध्यक्ष झाला. त्याच प्रकरणात बंदी आलेल्या अजय जडेजाच्या बाजूनं २००३ मध्येच निकाल लागला. तो रणजी खेळला, पुढं समालोचक झाला, २०२३ च्या विश्वचषकात अफगाणिस्तानचा मार्गदर्शक होता, पण भारताची टोपी परत मिळाली नाही. बंदी उठली म्हणजे निवड झाली असं नसतं. निवड समितीला कुणाला घ्यायचंच असं कोर्ट सांगत नाही.

क्रिकेटमधून तालमीत येऊ, कारण कोल्हापुरात हा विषय खरा लागू होतो तो इथं. डोपिंगमध्ये पोलिसांचा संबंधच सहसा येत नाही. २०२२ चा राष्ट्रीय उत्तेजकविरोधी कायदा झाला तरी नमुना दोषी आलेल्या खेळाडूला तुरुंग होत नाही. पण मैदानातला नियम कोर्टापेक्षा कडक आहे: तुमच्या अंगात जे सापडलं त्याला तुम्ही जबाबदार, ते कुणी आणि कसं घातलं हे दाखवायचं कामही तुमचंच. फौजदारी खटल्यात जामिनावरचा माणूस निकाल लागेपर्यंत निर्दोष धरला जातो. इथं स्टेरॉइडसारखं काही सापडलं तर सुनावणीआधीच तात्पुरतं निलंबन लागतं.

नरसिंग यादव सलग तीन वेळचा महाराष्ट्र केसरी, त्यामुळे त्याचं प्रकरण इथल्या प्रत्येक वस्तादाला तोंडपाठ आहे. २०१५ च्या जागतिक स्पर्धेत कांस्य जिंकून त्यानं रिओ ऑलिंपिकची जागा मिळवली. त्याच वजनगटाच्या सुशीलकुमारनं निवड चाचणी मागितली, दिल्ली उच्च न्यायालयानं ती मागणी जून २०१६ मध्ये फेटाळली. म्हणजे कोर्टाचा विषय नरसिंगच्या बाजूनं संपला होता. मग त्याच्या नमुन्यात मेथँडिएनोन हे बंदी असलेलं स्टेरॉइड सापडलं. आपल्या खाण्यात कुणीतरी मिसळलं, अशी तक्रार त्यानं पोलिसांत दिली. १ ऑगस्टला नाडाच्या, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या, समितीनं त्याला सोडलं आणि आपल्याकडे पेढे वाटले गेले. पण नाडाचा निकाल शेवटचा नसतो. वाडा या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेनं आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाकडं अपील केलं, भेसळीचा दावा लवादाला पटला नाही आणि १८ ऑगस्टला, कुस्तीच्या आदल्या दिवशी, चार वर्षांची बंदी आली. पोलिसांतली तक्रार तशीच होती, तिचा बंदीवर काडीचा परिणाम झाला नाही. बंदी भोगून तो डिसेंबर २०२० मध्ये बेलग्रेडच्या स्पर्धेत उतरला, २०२४ मध्ये भारतीय कुस्ती महासंघाच्या खेळाडू आयोगाचा अध्यक्ष झाला. रिओ मात्र गेलं ते गेलंच.

तालमीतल्या पोरांच्या ट्रंकेत लंगोटाशेजारी पावडरीचा डबा असतोच. डब्यावर पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात ‘मास’, मागं बारीक अक्षरात पंचवीस नावं, आणि डबा आणून दिलेला कुणीतरी ‘ओळखीचा’. नमुना दोषी आला तर ‘दुकानदारानं दिलं’ हे उत्तर ग्राहक मंचात चालेल, नाडासमोर फारसं चालत नाही. एक गोष्ट पोरांना कुणी सांगत नाही. चार वर्षांच्या बंदीची नोटीस आली आणि वीस दिवसांत कबुली देऊन शिक्षा मान्य केली तर एक वर्ष कमी होतं. आपल्याकडं पहिला सल्ला मिळतो तो ‘वकील बघ, नाकबूल कर’ असा. फौजदारीत तो शहाणपणाचा असेल, इथं तोच एका हंगामाला महाग पडू शकतो. बंदीच्या काळात संघटनेशी जोडलेल्या संघात सरावही करता येत नाही, फक्त शेवटचे दोन महिने किंवा शेवटचा पाव भाग, यांतलं जे कमी असेल तेवढ्यापुरती मुभा मिळते.

गुन्हा नाही पण बंदी आहे, अशी उदाहरणं खंडीभर. २०१८ ला केपटाउनमध्ये चेंडू घासल्याच्या प्रकरणात ऑस्ट्रेलियाचे स्मिथ आणि वॉर्नर वर्षभर संघाबाहेर राहिले, कुठल्याही कोर्टानं त्यांना बोलावलं नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत पंचाला लाथ मारल्यावर शिवराज राक्षे आणि पंचांशी वाद घातल्यावर महेंद्र गायकवाड यांचं तीन वर्षांसाठी निलंबन जाहीर झालं. तो निर्णय संघटनेचा होता. आणि नुरा कुस्तीला, म्हणजे निकाल आधीच ठरवून लढलेल्या कुस्तीला, तर ना कोर्ट आहे ना लवाद. खासबागेत गर्दीला ती दोन मिनिटांत कळते, शिट्ट्या सुरू होतात, आणि पुढच्या जत्रेत त्या पैलवानाची कुस्ती जोडायला कुणी पुढं येत नाही.

उलटा प्रकार मात्र जास्त घातक, आणि त्याकडं कुणाचं लक्ष नसतं. समजा शाहू स्टेडियमवर पेठेपेठेतला फुटबॉलचा सामना तापला, मैदानात हाणामारी झाली. संघटना खेळाडूला दोन-चार सामने बाहेर बसवते, हंगाम पुढं जातो, पोरगं परत खेळतं आणि सगळे विसरतात. पण त्या दिवशी पोलिसांत गुन्हा दाखल झाला असेल तर तो विसरत नाही. कोल्हापुरात कितीतरी पोरं कुस्ती-फुटबॉल खेळतात ती शासकीय नोकरीतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणावर डोळा ठेवून, त्यातही पोलीस भरतीवर. भरतीत चारित्र्य पडताळणी असते आणि अर्जात ‘आपल्यावर गुन्हा दाखल आहे का’ असा रकाना. तिथं वस्ताद किंवा मित्र सांगतात, ‘नाही लिही, मिटलंय ते.’ मैदानावरचं मिटलेलं असतं, ठाण्यातलं नसतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये सांगितलं आहे की अशी माहिती खरीच द्यावी लागते, लपवली तर त्यावरूनही उमेदवारी जाऊ शकते, आणि निर्दोष सुटलेल्या माणसालाही नोकरी द्यावीच असं बंधन मालकावर नसतं. दोन सामन्यांची शिक्षा भोगलेला पोरगा त्या रकान्यावर अडकतो तेव्हा त्याच्या मंडळाचं पत्र, संघटनेचं ना-हरकत, जिंकलेल्या ढाली, काहीच कामाला येत नाही. लागते ती फक्त कोर्टाच्या निकालाची प्रत, आणि ती हातात पडेपर्यंत वयाची अट निघून गेलेली असू शकते.