वही पालिकेची, जमीन मंत्रालयाची

पुण्याच्या टेकड्यांवरील ‘बीडीपी’ म्हणजे जैवविविधता उद्यानाच्या आरक्षणाचा वाद अधूनमधून डोके वर काढतो आणि दर वेळी तो टेकडीप्रेमी विरुद्ध जमीनमालक असाच रंगवला जातो. त्याच्या मागे एक जुनी सरकारी गुंतागुंत आहे. जैवविविधता राखण्याची जबाबदारी कायद्याने थेट ग्रामपंचायत आणि महापालिकेपर्यंत पोचवली. ती जैवविविधता ज्या जमिनीवर तगून आहे, त्या जमिनीचा शेवटचा शब्द मात्र राज्याच्या नगरविकास विभागाकडेच राहिला.

मूळ राज्यघटनेत वने आणि वन्यप्राणी हे राज्यांचे विषय होते. १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीने ते समवर्ती सूचीत गेले आणि केंद्राचा हात बळकट झाला. शहरे या हिशेबात नव्हतीच. महाराष्ट्राने १९७५ मध्ये नागरी क्षेत्रातील झाडांसाठी वेगळा कायदा करून वृक्ष प्राधिकरणे आणली, पण त्या कायद्याला दिसते ते झाड. गवताळ उतार, काटेरी झुडुपे, पावसाळी डबकी त्याच्या नजरेत भरत नाहीत. पुण्याच्या टेकड्यांचे खरे रूप तर गवत आणि झुडुपांचेच. तिथे हिरवाई आणायची म्हणून ग्लिरिसिडिया हा परदेशी वृक्ष लावला गेला, तो या दृष्टीतूनच. आपल्याकडे ‘ओसाड’ हा शेरा फार स्वस्तात मिळतो.

१९९२ हे वर्ष दोन कारणांनी महत्त्वाचे. जूनमध्ये रिओ येथे जैवविविधता करार सह्यांसाठी खुला झाला आणि डिसेंबरमध्ये संसदेने ७४वी घटनादुरुस्ती मंजूर केली. त्या दुरुस्तीतून आलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांसाठी १८ विषय आहेत. पहिला विषय नगररचनेसह नागरी नियोजनाचा, आठवा नागरी वनीकरण आणि पर्यावरण संरक्षणाचा. कागदावर दोन्ही किल्ल्या पालिकेच्या हाती. पण घटनेने हे अधिकार थेट दिले नाहीत. राज्य विधिमंडळ ते देऊ शकेल, एवढेच म्हटले. महाराष्ट्रात १९६६चा प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा चालू राहिला. पालिका विकास आराखडा तयार करते, हरकती-सूचना मागवते, सभागृहात ठराव करते आणि अंतिम मंजुरीसाठी फाइल मुंबईला पाठवते.

रिओच्या करारात पक्षकार होते ते देश. महापौरांना त्या टेबलावर जागा मिळायला दीड दशक लागले. मार्च २००७ मध्ये ब्राझीलमधील कुरितिबा शहरात महापौर आणि नगर प्रशासनांची बैठक झाली. पुढच्या वर्षी जर्मनीत बॉनच्या नवव्या परिषदेत करारातील देशांनी शहरांच्या भूमिकेबद्दल पहिला स्वतंत्र निर्णय घेतला. सिंगापूरने तिथेच शहरांसाठी मोजपट्टी तयार करण्याचा प्रस्ताव मांडला. त्यातून आलेल्या ‘सिंगापूर निर्देशांका’त सुरुवातीला २३ निकष होते आणि प्रत्येकाला जास्तीत जास्त ४ गुण. २०१० मध्ये जपानमधील नागोया येथे शहरे व प्रादेशिक सरकारांसाठी दहा वर्षांचा कृती आराखडा मंजूर झाला. २०१२ची परिषद तर आपल्या दारात, हैदराबादला झाली. २०२२ मध्ये माँट्रियलला ठरलेल्या जागतिक चौकटीतील बारावे लक्ष्य शहरांमधील हिरव्या आणि पाणथळ जागांविषयीच आहे. एवढे ठराव झाले, पण त्यांपैकी एकही शहराला आपल्या हद्दीतील जमिनीवर नवा अधिकार देत नाही. तो देशांतर्गत कायद्यानेच यायचा.

भारताने जैवविविधता कायदा केला २००२ मध्ये. त्याच्या मसुद्यात पुण्याचे परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांचा सहभाग होता. लोकांनी आपल्या परिसरातील जीवसृष्टीची आणि तिच्याविषयीच्या ज्ञानाची नोंद स्वतः ठेवावी, ही कल्पना ते आणि त्यांचे सहकारी आधीपासून राबवत होते. कायद्याच्या ४१व्या कलमाने प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमावी, असे म्हटले. २००४च्या नियमांनी अध्यक्ष आणि सहापर्यंत सदस्य, त्यांत एक तृतीयांश महिला, अशी रचना ठरवली आणि लोक जैवविविधता नोंदवही हे समितीचे मुख्य काम केले. व्यापारासाठी जैविक साधने गोळा करणाऱ्यांकडून शुल्क घेण्याची मुभाही समितीला आहे. मात्र आपल्या परिसरातील साधनांच्या वापराला परवानगी देताना वरच्या प्राधिकरणांनी तिच्याशी केवळ सल्लामसलत करायची आहे. समितीने ‘नको’ म्हटले तर काय, याचे उत्तर कलमात नाही.

राज्यांनीही घाई केली नाही. महाराष्ट्राचे नियम २००८ मध्ये आले आणि राज्य जैवविविधता मंडळ नागपुरात उभे राहिले ते २०१२ मध्ये, कायद्यानंतर दहा वर्षांनी. देशभरात २०१६ पर्यंत समित्यांची संख्या १० हजारांच्या आतच होती. त्या वर्षी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणासमोर याचिका गेली. ऑगस्ट २०१९ मध्ये न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली. त्यानंतर काम न करणाऱ्या राज्याला दरमहा १० लाख रुपये भरावे लागणार होते. मग काय विचारता! मुदत संपेपर्यंत समित्यांचा आकडा २ लाख ४० हजारांवर गेला. नोंदवह्याही पाठोपाठ आल्या. अनेक ठिकाणी त्या बाहेरच्या संस्थांकडून करून घेतल्या गेल्या. ज्या म्हाताऱ्यांना ओढ्याकाठची वनस्पती ठाऊक होती, त्यांच्यापर्यंत वही पोचण्याआधीच ती भरून झाली. शहरांत तर आणखी एक अडचण आली. समिती नेमायची स्थानिक संस्थेने, आणि २०२२ पासून राज्यातील मोठ्या महापालिकांत कित्येक वर्षे निवडून आलेले सभागृहच नव्हते.

पुण्याच्या टेकड्या राखण्याचा प्रयत्न या कायद्यातून झालाच नाही. १९९७ मध्ये महापालिकेची हद्द वाढली आणि पुढे त्यातली काही गावे वगळून २३ उरली. बाणेर, बावधन, वारजे, आंबेगाव अशा गावांसोबत शहराला टेकड्यांचे उतारही मिळाले. या गावांच्या विकास आराखड्यात टेकड्यांवरील ९७८ हेक्टर जागा ‘बायोडायव्हर्सिटी पार्क’ म्हणून आरक्षित करण्याचा प्रस्ताव आला. त्याचेच पुणेरी रूप बीडीपी. प्रस्तावाविरुद्ध थोडे बांधकाम, चार टक्के तरी, होऊ द्यावे असा रेटा होता. दुसऱ्या बाजूने माजी महापौर वंदना चव्हाण यांच्यासह अनेक नागरिक, शास्त्रज्ञ आणि संस्था उभ्या राहिल्या, सह्यांच्या मोहिमा झाल्या. सभागृहाने आरक्षणाच्या बाजूने कौल दिला आणि फाइल मंत्रालयात गेली. आराखड्याचे इतर भाग टप्प्याटप्प्याने मंजूर होत राहिले, टेकड्या मात्र लोंबकळत राहिल्या. बीडीपीवर शिक्कामोर्तब झाले २०१५ मध्ये.

त्या मधल्या वर्षांत टेकड्यांवर काय झाले, ते कोणीही पुणेकर सांगेल. पायथ्याकडून प्लॉटिंग चढत गेले. अर्ध्या-एक गुंठ्याचे तुकडे विकले गेले आणि पत्र्याच्या शेडची पक्की घरे झाली. ती घेणारे बहुतेक लोक शहरात परवडणारे घर न मिळालेले होते, हेही लक्षात ठेवायला हवे. जमीनमालकांना मोबदला म्हणून ८ टक्के टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, ठरला, तो त्यांना तुटपुंजा वाटला. रोख भरपाई देऊन एवढी जमीन ताब्यात घेणे पालिकेला झेपणारे नाही. परिणामी आरक्षण नकाशावर आहे आणि बरीचशी जमीन खासगी मालकीतच आहे.

पुण्याच्या गणेशखिंड उद्यानाचे उलटे झाले. १८७३ पासूनचे हे उद्यान २०२० मध्ये जैवविविधता वारसा स्थळ जाहीर झाले, तेही जैवविविधता कायद्याखालीच. तिथे मालकीचा वाद नव्हता, जागा आधीपासून कृषी महाविद्यालयाकडे होती.

हाच धागा इतरत्रही दिसतो. मुंबई-ठाण्याच्या कांदळवनांना आधार मिळाला तो २००५च्या उच्च न्यायालयाच्या आदेशाचा. त्यानंतर सरकारी जमिनीवरील कांदळवने वन विभागाकडे आली, २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष झाला, २०१५ मध्ये ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य. गोव्यात २००६ मध्ये अधिसूचित झालेला प्रादेशिक आराखडा लोक रस्त्यावर आल्यावर पुढच्याच वर्षी रद्द करावा लागला. दोन्हीकडे लढाई नकाशावर जमीन कोणत्या रंगात रंगवायची, याचीच होती.

राज्य जैवविविधता मंडळांना न्यायालयाचे खरे बळ मिळाले ते डिसेंबर २०१८ मध्ये. दिव्य फार्मसी प्रकरणात उत्तराखंड उच्च न्यायालयाने भारतीय कंपन्यांकडूनही जैविक साधनांच्या व्यापारी वापरातून होणाऱ्या लाभातील वाटा मागण्याचा मंडळाचा अधिकार मान्य केला. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने मात्र ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञान आणि नोंदणीकृत आयुष वैद्य यांना सूट दिली, आणि कायद्यातील तुरुंगवासाच्या शिक्षा काढून दंड ठेवले.

बीडीपीचा प्रश्न २०२५ मध्ये पुन्हा उघडला. टेकड्यांवरील आरक्षण आणि डोंगरमाथा-डोंगरउतार क्षेत्र यांचा फेरविचार करण्यासाठी अभ्यासगट नेमला गेला. तो नेमला राज्य सरकारने.