प्रमाणवेळ आणि टाइम झोन

प्रमाणवेळ म्हणजे एखाद्या देशानं किंवा मोठ्या भागानं मिळून पाळायची एकच घड्याळाची वेळ, मग त्यातल्या गावागावात सूर्य कधी का डोक्यावर येईना. आज जगातल्या सगळ्या प्रमाणवेळा यूटीसी नावाच्या एका आंतरराष्ट्रीय वेळेवरनं मोजतात, कुणी तिच्या पुढं, कुणी मागं, भारत साडेपाच तास पुढं. शाळेच्या पुस्तकात वाचलं की वाटतं १८८४ साली सगळे देश एका टेबलाला बसले आणि जगाचे २४ तुकडे पाडून मोकळे झाले. तसं काही झालेलं नाही. रेल्वेवाल्यांनी आधी करून टाकलं, परिषदा आणि कायदे मागनं आले, आणि लोक तर लई कुरकुरत आले, काही शहरं पन्नास वर्षं अडून बसली आणि त्यातलं एक आपली मुंबई.

हिशेब सोपा आहे. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश, एका अंशाला ४ मिनिटं. कोल्हापूर साधारण ७४.२ पूर्व रेखांशावर आहे आणि भारताची वेळ ठरते ८२.५ वर, ती रेषा उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळनं जाते. मधला फरक सव्वाआठ अंशांचा, म्हणजे ३३ मिनिटं. घड्याळात दुपारचे बारा वाजतात तेव्हा कोल्हापूरचा सूर्य माथ्यावर यायला अजून अर्धा तास असतो. ज्याला पटत नाही त्यानं ६ मेच्या आसपास गांधी मैदानात एक सरळ काठी रोवून बघावी, त्या सुमाराला सूर्य कोल्हापूरच्या बरोबर डोक्यावरनं जातो आणि काठीची सावली क्षणभर गायब होते, पण बाराला नाही, साडेबाराला.

त्यात सूर्य स्वतःही वक्तशीर नाही. पृथ्वीची कक्षा लंबगोल आणि अक्ष कललेला, त्यामुळं सूर्य वर्षभरात घड्याळाच्या कधी १६ मिनिटं पुढं तर कधी १४ मिनिटं मागं असतो. कोल्हापूरकराला हे अंबाबाईच्या किरणोत्सवात दिसतं, फक्त तिकडं कुणी या नजरेनं बघत नाही. मावळतीची किरणं महाद्वारातनं आत येतात आणि पहिल्या दिवशी देवीच्या चरणांवर, दुसऱ्या दिवशी मध्यभागी, तिसऱ्या दिवशी मुखावर पडतात असं मानलं जातं, तारखा ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर. दोन्ही वेळेला सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला सारखाच, जवळजवळ १७ अंश सरकलेला असतो म्हणून तर किरणं त्याच वाटेनं येतात. पण घड्याळ बघा, नोव्हेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला साडेसहाच्या. दिवसाची लांबी तीच, मंदिर तेच, फरक अर्ध्या तासाचा. जानेवारीतला टाइम लक्षात ठेवून कुणी नोव्हेंबरात गेला तर त्याला काळोखच बघायला मिळणार. म्हणून घड्याळं खऱ्या सूर्यावर न चालवता सरासरी सूर्यावर चालवायची पद्धत आली, तिला स्थानिक मध्यमवेळ म्हणतात, आणि प्रमाणवेळेच्या आधी प्रत्येक गावाची स्वतःची अशी एक मध्यमवेळ असायची किंवा निदान असू शकायची.

गाव बदललं की वेळ बदलते हे आपल्या पंचांगवाल्यांना फार आधीपासनं माहीत. भारतीय ज्योतिषात मुख्य रेषा उज्जैनवरनं जाणारी धरायचे, आणि तिथनं आपण पूर्वेला का पश्चिमेला त्याप्रमाणं देशांतराचा संस्कार, म्हणजे रेखांशातल्या फरकाची दुरुस्ती, करून वेळ काढायचे. दिवसाच्या ६० घटिका, एक घटिका २४ मिनिटांची, आणि मोजणी सूर्योदयापासनं. आजही भिंतीवरच्या कॅलेंडरात संकष्टीला चंद्रोदयाच्या वेळा गाववार दिलेल्या असतात, नागपूरकर जेवून हात धुतो तरी कोल्हापूरकर गच्चीवर चंद्र शोधतोय. बैलगाडीच्या जमान्यात या फरकाचा कुणाला त्रास नव्हता, कारण कोल्हापूर ते पुणे जाईपर्यंत पाच-सहा दिवस मोडायचे, त्यात दोन-चार मिनिटांचं कौतुक कुणाला.

घोळ झाला तो रेल्वेमुळं. इंग्लंडात ब्रिस्टल लंडनच्या १० मिनिटं मागं, आणि ग्रेट वेस्टर्न रेल्वेची गाडी दोन्हीकडं धावणार, मग टाइमटेबल कुठल्या वेळेत छापायचं? एकेरी रुळावर दोन स्टेशनांची घड्याळं वेगळी असली तर समोरासमोर टक्करच. म्हणून या कंपनीनं नोव्हेंबर १८४० मध्ये सगळीकडं लंडनची वेळ लावली, बाकीच्या कंपन्या १८४७ नंतर त्याच वाटेनं गेल्या आणि १८५२ पासनं लंडनच्या ग्रीनिच वेधशाळेची वेळ तारेनं गावोगावी जायला लागली. खरंतर यात तारायंत्राचा वाटा रेल्वेइतकाच मोठा आहे, कारण वेळ एक करायची म्हटली तरी ती क्षणात पोचवायची सोय नको का. कायदा मात्र १८८० साली झाला. ब्रिस्टलच्या कॉर्न एक्स्चेंजवरच्या घड्याळाला अजून दोन मिनिटकाटे आहेत, एक लंडनचा, एक गावचा.

अमेरिकेत हाच गोंधळ दहापट होता. तिथं रेल्वे कंपन्यांनी सरकारला न विचारता १८ नोव्हेंबर १८८३, रविवारी, देशाचे झोन, म्हणजे एकेका वेळेचे पट्टे, पाडून घड्याळं बदलली, कितीतरी शहरांत त्या दिवशी दुपारचे बारा दोनदा वाजले. संसदेचा कायदा आला १९१८ ला, पस्तीस वर्षांनी. जगभर असेच झोन करावेत म्हणून सगळ्यात जास्त आरडाओरडा केला तो सँडफर्ड फ्लेमिंग या स्कॉटलंडात जन्मलेल्या कॅनडाच्या रेल्वे इंजिनिअरनं. १८७६ साली आयर्लंडात टाइमटेबलात सकाळ-संध्याकाळची चूक छापली होती, याची गाडी चुकली आणि रात्र स्टेशनवर काढावी लागली, तिथनं डोक्यात भुंगा शिरला अशी गोष्ट सांगतात. गाडी चुकणारे पुष्कळ असतात, हा गडी वर्षानुवर्षं त्याच विषयावर लिहीत राहिला.

ऑक्टोबर १८८४ मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय रेखावृत्त परिषद भरली, २५ देशांचे प्रतिनिधी आले, ब्रिटनच्या बाजूनं भारतासाठी जनरल रिचर्ड स्ट्रेची होते. ठरवायचं होतं शून्य रेखांश कुठला. जगातल्या जहाजांच्या एकूण वजनापैकी ७२ टक्के आधीच ग्रीनिचवर आधारलेले नकाशे वापरत होते, त्यामुळं निकाल जवळजवळ ठरलेलाच. ग्रीनिचच्या बाजूनं २२ मतं, सॅन डोमिंगोचं (आजचं डोमिनिकन रिपब्लिक) विरोधात, फ्रान्स आणि ब्राझील तटस्थ. पण परिषदेनं टाइम झोन कुणावरही लादले नाहीत, शून्य कुठं आणि जागतिक दिवस कधी सुरू होतो एवढंच सांगितलं, बाकी ज्याचं त्यानं बघावं. मग जपाननं १८८८ पासनं १३५ अंशांवरची वेळ धरली, जर्मनीत सेनापती मोल्टके १८९१ ला संसदेत उभा राहून म्हणाला की सैन्य हलवायला एवढ्या वेगवेगळ्या वेळा परवडत नाहीत, आणि १८९३ ला तिथं एक वेळ झाली. फ्रान्सचं तर बघण्यासारखं आहे, १९११ साली त्यांनी ग्रीनिच वेळ घेतली पण कायद्यात ग्रीनिचचं नाव येऊ दिलं नाही, लिहिलं काय तर पॅरिसची मध्यमवेळ वजा ९ मिनिटं २१ सेकंद. शेपूट वाकडं ते वाकडंच.

भारतात तेव्हा निदान तीन मोठ्या वेळा होत्या. ग्रीनिचच्या पुढं मुंबई ४ तास ५१ मिनिटं, मद्रास ५ तास २१ मिनिटं, कलकत्ता ५ तास ५३ मिनिटं. मद्रासला १७९२ पासनं वेधशाळा आणि गाव बाकी दोघांच्या साधारण मधोमध, म्हणून रेल्वेनं मद्रास टाइम धरला. कोल्हापूर संस्थानानं मिरज-कोल्हापूर रेल्वे बांधली, पायाभरणी १८८८ ला शाहू महाराजांच्या हस्ते आणि गाडी सुरू १८९१ ला. मद्रास कोल्हापूरच्या सहा अंश पूर्वेला, म्हणजे रेल्वेची वेळ गावच्या सूर्यापेक्षा २४ मिनिटं पुढं, नेमकी एक घटिका. पंचांगावर चालणाऱ्या माणसाला स्टेशन गाठायचं तर एक घटिका आधी निघायचं, इतका सरळ हिशेब दुसऱ्या कुठल्या गावाला क्वचित मिळाला असेल.

मुंबईनं मात्र ऐकलं नाही. १८८१ ला गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी सरकारी कामाला मद्रास टाइम लावायचा हुकूम काढला, शहराची घड्याळं एकदम अर्धा तास पुढं, लोक इतके चिडले की दोन वर्षांत हुकूम मागं घ्यावा लागला. मग १ जानेवारी १९०६ ला साडेपाच तासांची भारतीय प्रमाणवेळ आली. पश्चिमेला पाच तास बरे, पूर्वेला सहा, म्हणून मधला आकडा. मुंबईला यावेळी ३९ मिनिटं सोडायची होती, आणि वेळ कुठली तर कर्झननं बंगालची फाळणी केली त्याला तीन महिनेही झाले नव्हते, स्वदेशीचं वारं, सरकारचं काहीही नकोच. त्याच जानेवारीत गिरणी कामगारांनी काम बंद केलं, दगडफेकही झाली. ज्याला सूर्य उगवायच्या आधी उठून गिरणी गाठायची त्याच्या दृष्टीनं घड्याळ पुढं म्हणजे झोपेतनं ३९ मिनिटं कापली, त्याला जागतिक व्यवस्थेचं काय सांगता. याला नुसता अडाणीपणा म्हणायची पद्धत आहे ती मला पटत नाही, त्यांचा हिशेब बरोबर होता. महापालिकेनंही मुंबई टाइमच ठेवायचं ठरवलं, आणि पुढची कित्येक वर्षं शहरात रेल्वे, तारखातं एका वेळेवर आणि बाकी लोक दुसऱ्या, भेटायचं ठरलं की कुठला टाइम ते आधी विचारा. कलकत्त्यानं आपली वेळ १९४८ ला सोडली, मुंबई टाइम १९५० च्या दशकात जाऊन संपला.

दुसऱ्या महायुद्धात तर भारताचं घड्याळ आणखी एक तास पुढं केलं होतं, सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ सलग साडेसहा तास. त्या हिशेबानं कोल्हापुरात सूर्य माथ्यावर यायला दीड वाजायचा.

नकाशावर झोन सरळ पट्ट्यांसारखे असतील असं वाटतं पण रेषा राजकारणानं वाकतात. चीन एवढा आडवा पसरलेला देश १९४९ पासनं एकाच वेळेवर चालतो. नेपाळ १९८६ पासनं आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढं. सामोआनं २०११ साली ३० डिसेंबर हा दिवसच गाळला, शेजारच्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी धंदा जुळावा म्हणून. भारतात गुजरातचं पश्चिम टोक ते अरुणाचलचं पूर्व टोक जवळजवळ दोन तासांचं अंतर, आसामच्या चहामळ्यांत तर घड्याळ एक तास पुढं ठेवायची जुनी पद्धत आहे, चायबागान टाइम. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत अणुघड्याळांवर आपली वेळ राखतात, तिथल्याच शास्त्रज्ञांनी २०१८ ला ईशान्येसाठी साडेसहा तासांचा दुसरा झोन सुचवला, तो अजून झालेला नाही. एकेरी रुळ आणि दोन झोनच्या सरहद्दीवर घड्याळ बदलणं हा विषय आला की रेल्वे अपघाताची भीती पुढं येते, म्हणजे १८४० चाच मुद्दा.

आता वेळ कळते ती मोबाइलवर, सेकंदाचाही फरक नाही. कॉम्प्युटर ज्या टाइम झोनच्या यादीवर चालतात त्यात अख्ख्या भारताचं नाव एशिया-कोलकाता असं आहे, कारण त्या यादीत झोनला तिथल्या मोठ्या शहराचं नाव द्यायची रीत. आणि विंडोज उघडलं तर साडेपाचच्या पुढं चार गावं एका ओळीत लिहिलेली दिसतात: चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली.