पुस्तक दत्तक योजना

ग्रंथालयातल्या एखाद्या जुन्या, दुर्मिळ पुस्तकाच्या दुरुस्तीचा खर्च बाहेरच्या कुणीतरी उचलायचा, या पद्धतीला पुस्तक दत्तक योजना म्हणतात. दत्तक घेतलं तरी पुस्तक घरी न्यायला मिळत नाही, ते ग्रंथालयाचंच राहतं. देणगीदाराचं नाव पुस्तकात चिठ्ठीवर नाहीतर संस्थेच्या यादीत येतं, एवढंच. बरेच जण आईवडिलांच्या स्मरणार्थ देतात, कुणी वाढदिवसाला. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीची अशी योजना प्रसिद्ध आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटीत मात्र याच नावाखाली संग्रहासाठी जुनी पुस्तकं विकत घ्यायला पैसे जमवतात, म्हणजे नाव तेच पण काम वेगळं, तेव्हा पैसे द्यायच्या आधी नीट वाचून घ्यावं.

आपल्याकडचं ठळक उदाहरण म्हणजे मुंबईची एशियाटिक सोसायटी. १८०४ साली सुरू झालेली ही संस्था फोर्टातल्या टाउन हॉलमध्ये आहे, इमारत १८३३ ची, आणि तिच्या पायऱ्यांवर फोटो काढणाऱ्यांपैकी फार थोडे आत जातात. आत लाखाच्या वर पुस्तकं, हजारो हस्तलिखितं, नाणी, नकाशे, आणि दान्तेच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’ची जुनी हस्तलिखित प्रतसुद्धा. समुद्र जवळ, हवेत कायम दमटपणा, त्यामुळे बुरशी, कसर, वाळवी हे तिन्ही पाहुणे ठरलेले.

पण किड्यांपेक्षा मोठा वैरी खुद्द कागदच असतो. पुस्तक जितकं जुनं तितकं खराब असं लोकांना वाटतं, ते खरं नाही. चिंध्यांपासून केलेला हातकागद दोनतीनशे वर्षांनंतरही मऊ राहू शकतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला, त्यावर शाई पसरू नये म्हणून राळ आणि तुरटी वापरायचे, आणि त्यातून तयार होणारं आम्ल कागदाला आतूनच खातं. पान पिवळं, मग तपकिरी, आणि शेवटी कोपरा दुमडला की तुकडा हातात. म्हणजे १७५० चा ग्रंथ ठणठणीत आणि १८९० चं मासिक मरणपंथाला, असं एकाच कपाटात बघायला मिळतं.

दुरुस्ती हे पूर्ण हातकाम आहे आणि पैसे खरे इथे जातात. आधी प्रत्येक पानावर पेन्सिलने बारीक क्रमांक टाकतात, मग शिवण उसवून पानं सुटी करतात. कोरड्या ब्रशने धूळ काढायची, शाई पाण्यात उतरते का हे एका कोपऱ्यात थेंब टाकून बघायचं, उतरत नसेल तरच पान धुवायचं आणि कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमच्या सौम्य द्रावणात ठेवून आम्ल मारायचं. फाटलेल्या जागी जपानी टिश्यू, म्हणजे अगदी पातळ पण चिवट कागद, तोही गव्हाच्या स्टार्चच्या खळीने, कारण ही खळ उद्या पाण्याने सोडवता येते. केलेलं काम पुढच्या माणसाला उलटवता आलं पाहिजे हा या धंद्यातला पहिला नियम. पूर्वी कुणीतरी प्रेमाने लावलेली सेलोटेप काढण्यातच कितीतरी वेळ जातो, तिचा चिकटपणा कागदात मुरलेला असतो आणि डाग काही जात नाही. शेवटी पुन्हा शिवण, बांधणी, आणि आम्लमुक्त पुठ्ठ्याची पेटी.

आता स्कॅन होतंय तर दुरुस्ती कशाला, असं हमखास विचारतात. एशियाटिकचं ‘ग्रंथ संजीवनी’ हे डिजिटल दालन आहेच, पण ज्या पुस्तकाची पानं उलटताना मोडतात ते स्कॅन कसं करणार? आधी डागडुजी, मग स्कॅन.

योजनेची एक दुखरी बाजू आहे. देणगीदार साहजिकच देखणं, सोनेरी कडांचं, नावाजलेलं पुस्तक निवडतो. जुन्या मराठी छापील पुस्तकांकडे, म्हणजे १८६७ पर्यंतची जी दोलामुद्रितं, त्यांच्याकडे निदान अभ्यासकांचं तरी लक्ष असतं. त्यानंतरची मासिकं, पंचांगं, शाळेची क्रमिक पुस्तकं, संस्थांचे अहवाल यांना कोण दत्तक घेणार? आणि कागद नेमका त्यांचाच सगळ्यात वाईट. छापलं म्हणजे टिकलं असंही नसतं. फादर स्टीफन्स या ख्रिस्ती धर्मोपदेशकाचं क्रिस्तपुराण हे मराठी काव्य गोव्यात १६१६ साली छापलं गेलं, नंतरही छापलं, पण त्या सतराव्या शतकातल्या छपाईची एकही प्रत आज हाती नाही, आपल्यापर्यंत ते पोचलं हस्तलिखितांमुळे.

म्हणून काही देणगीदार पैसे देऊन ‘पुस्तक तुम्हीच निवडा’ असं सांगतात. ते बरं पडतं, कारण कुठल्या कपाटातलं काय आधी जाणार हे ग्रंथपालाला माहीत असतं. एका पुस्तकाच्या देणगीतून अर्थात त्या पुस्तकाचंच काम होतं. गळकं छत, खोलीतला दमटपणा आणि कामगारांचे पगार यासाठी संस्थेला वेगळा पैसा उभा करावाच लागतो, आणि त्याला कुणाच्या नावाची चिठ्ठी लागत नसल्याने तो मिळणं जास्त अवघड.