३६३७५ म्हणजे नेमका कोणता करडा?

एफ-१६ या लढाऊ विमानाच्या मॉडेलसोबत आलेला कागद तीन आकडे देतो: पाठीवर ३६११८, नाक आणि शेपटीला ३६२७०, पोटाला ३६३७५. हे आकडे अमेरिकेच्या फेडरल स्टँडर्ड ५९५ या रंगसंग्रहातले आहेत. पहिला अंक चमक सांगतो: १ चकचकीत, २ निमचकचकीत, ३ मॅट. दुसरा अंक रंगाचा गट सांगतो: ० तपकिरी, ४ हिरवा, ५ निळा, ६ करडा. उरलेले तीन अंक साधारणपणे गडदाकडून फिक्याकडे चढत जातात. म्हणजे १७०३८ आणि ३७०३८ हा काळा एकच, फरक फक्त चमकेचा. चकचकीत बाटली हाती आली म्हणून अडत नाही, वरून मॅट वॉर्निश मारलं की झालं.

मात्र हा संग्रह १९५६ सालचा आहे, हे अनेकजण विसरतात. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायरचा किंवा मेसरश्मिटचा ‘एफएस क्रमांक’ (म्हणजे फेडरल स्टँडर्डचा आकडा) ही नंतर कोणीतरी लावलेली जवळची जोडी असते, मूळ रंग नव्हे. त्या काळात ब्रिटिशांची स्वतःची रंगनावं होती आणि जर्मन हवाई मंत्रालयाचे आरएलएम क्रमांक होते. शिवाय मूळ रंगच एकसारखा नव्हता. ऑगस्ट १९४१ मध्ये ब्रिटिश लढाऊ विमानांवरच्या तपकिरीची जागा ‘ओशन ग्रे’ने घेतली. तो पुरेसा मिळेना तेव्हा सात भाग ‘मीडियम सी ग्रे’मध्ये एक भाग काळा कालवून काम भागवलं गेलं. बादलीगणिक छटा थोडी बदलणारच. जर्मनीत १९४४ साली आरएलएम ८१ आणि ८२ वापरात आले, पण सोबत नमुनापट्ट्या दिल्याच नाहीत. या दोन रंगांची ‘अगदी अचूक’ बाटली असल्याचा दावा दिसला, तर तो अंदाजच समजावा.

जुने फोटो पाहून ठरवू म्हटलं, तर तिथे फिल्म फसवते. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल दिसत नाही, म्हणून लाल जवळपास काळा आणि निळा फिका उमटतो. ब्रिटिश चिन्हाभोवतीचं पिवळं कडंही त्यात गडद दिसतं. रंगीत पारदर्शिकांमधले वेगवेगळे रंग सारख्या वेगाने उडत नाहीत, त्यामुळे जुन्या स्लाइडवर अनेकदा किरमिजी झाक चढलेली असते. फोटोवरून विमानावर कुठे फिकं, कुठे गडद एवढं घ्यावं. छटा नमुनापट्टीवरून घ्यावी, संगणकाच्या पडद्यावरून तर नकोच.

आता सगळ्यात वादाचा मुद्दा. विमान लहान केलं की रंगही फिका करायला हवा, असं म्हणतात. रूढ नियम असा: १/७२ मापाच्या, म्हणजे खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या हिश्श्याच्या मॉडेलला १५ टक्के पांढरा, १/४८ ला १० टक्के, १/३२ ला ७ टक्के. कारण हवेतल्या धूसरपणाचं दिलं जातं. १/७२ मॉडेल ३० सेंटिमीटरवरून पाहणं म्हणजे खरं विमान २१.६ मीटरवरून पाहणं. पण दृश्यता २० किलोमीटर असेल त्या दिवशी एवढ्या अंतरात उठाव कमी होतो तो अर्ध्या टक्क्याहूनही कमी. धूसरपणाने १५ टक्के पांढऱ्याचा हिशोब जुळत नाही.

तरीही मॉडेल काळपट दिसतं हे खरंच आहे. कारण उजेडात आहे. भर दुपारच्या उन्हात सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो, खोलीतल्या मांडणीवर जेमतेम काहीशे. प्रकाश कमी झाला की डोळ्याला रंगाचा जोरही कमी जाणवतो आणि गडद हिरवा, गडद तपकिरी एकमेकांत मिसळून काळे होतात. म्हणून सरसकट पांढरा ओतण्यापेक्षा फक्त गडद रंग उजळावेत. ३६३७५ सारख्या फिक्या करड्यात पांढरा घातला तर शेजारच्या करड्याशी असलेला त्याचा मूळ फरकच बिघडतो.

उजळायलाही निव्वळ पांढरा नको. गडद हिरव्यात तो घातला की दुधाळ, थंड छटा येते. वाळूसारखा बफ घ्यावा: २० थेंबांना २ थेंबांपासून सुरुवात, आणि प्रमाण लगेच लिहून ठेवावं. ऑलिव्ह ड्रॅबला, म्हणजे लष्करी मळकट हिरव्याला, तर पिवळी माती जास्त शोभते. तो रंग पिवळ्या मातीत काळं मिसळून होतो, वेगळं हिरवं रंगद्रव्य लागतच नाही.

चाचणी प्लास्टिकच्या चमच्यांवर करावी, आणि मॉडेलला लावणार तोच प्रायमर आधी लावून. एअरब्रशने (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनने) १५ ते २० पीएसआय दाबावर दोन-तीन पातळ थर द्यावेत, दिवसभर वाळू द्यावं, मग अर्ध्या चमच्यावर वॉर्निश मारावं. ओल्या रंगाची पट्टीशी तुलना व्यर्थ आहे. नमुना ढगाळ दिवसाच्या उजेडात आणि मॉडेल जिथे ठेवायचं तिथल्या दिव्याखाली, असा दोन्हीकडे पाहावा. खिडकीत तंतोतंत जुळणारे दोन करडे पिवळ्या दिव्याखाली वेगळे पडतात, कारण त्यांची रंगद्रव्यं वेगळी असतात. कामाच्या टेबलावर सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा आकडा) ९० च्या वर असलेला दिवा हवा.

चुका बहुधा ठरलेल्याच. बाटली नीट ढवळली नाही तर मॅटपणा देणारी सिलिका तळाशी राहते आणि रंग चमकदार, गडद उतरतो. काळ्या प्रायमरवर पातळ पिवळा हिरवट दिसतो, त्याखाली पांढरा थर हवा. मॅट वॉर्निशचा खडबडीत पृष्ठभाग प्रकाश विखुरतो, म्हणून गडद रंग त्याखाली एक पायरी उजळतो. उलट, सांध्यांत भरलेला गडद वॉश, म्हणजे खूप पातळ केलेला रंग, सगळं मॉडेल थोडं काळवंडून टाकतो. वॉश द्यायचाच असेल तर मूळ रंग किंचित फिका ठेवावा.

अमेरिकी नौदलाची एफ/ए-१८ करणाऱ्याला थोडी जास्त मोकळीक आहे. वर ३६३२०, खाली ३६३७५ ही मूळ रंगसंगती, पण समुद्रावर गंज रोखायला जागोजागी रंगाचे हात मारलेले असतात आणि ते ठिगळ मूळ करड्याशी क्वचितच जुळतात. मॉडेलवर ते पॅनेलच्या कडा, स्क्रूच्या ओळी आणि माणसं चढतात त्या जागांभोवतीच द्यावेत. कुठेही शिंपडले तर विमानाला पुरळ उठल्यासारखं दिसतं.