काळ्या मातीच्या भेगा आणि बॅटरीतलं सिलिकॉन

वैशाखात इंदूरहून देवासकडे जाताना कडेच्या रानात उतरून बघा. काळ्या मातीला पडलेल्या भेगेत हात मनगटापर्यंत जातो. पावसात हीच माती फुगते, उन्हात आकसते आणि मोठं ढेकूळ तडकतं. बारीक भुरभुरीत मातीला मात्र काही होत नाही. लिथियम-आयन बॅटरीच्या ॲनोडची, म्हणजे ऋण टोकाची, गोष्ट मला याच रानात नीट उमगली.

१९७०च्या दशकात स्टॅनली व्हिटिंगहॅम यांनी ॲनोडला थेट लिथियम धातूच वापरला. चार्ज करताना त्यावर सुईसारखे काटे उगवत, पलीकडच्या टोकाला टेकत आणि शॉर्टसर्किट होई. मग धातूऐवजी लिथियमला राहायला घर शोधणं आलं. १९८०च्या सुमारास रशीद याझामी यांनी ग्रॅफाइटच्या थरांमध्ये लिथियम ये-जा करू शकतं हे दाखवलं, पण तेव्हाच्या द्रव इलेक्ट्रोलाइटमध्ये, म्हणजे दोन टोकांमध्ये लिथियमची ने-आण करणाऱ्या द्रवात, ग्रॅफाइटचे पापुद्रे सुटत. त्यामुळे अकिरा योशिनो यांनी १९८५मध्ये पेट्रोलियम कोक (खनिज तेलापासून मिळणारा कार्बन) घेतला आणि १९९१मध्ये सोनीने बॅटरी बाजारात आणली ती ग्रॅफाइटशिवायच. इलेक्ट्रोलाइटमधल्या इथिलीन कार्बोनेट या द्रावकामुळे ग्रॅफाइटवर राखण करणारा पातळ थर बसतो, हे कळल्यावर ग्रॅफाइटचा मार्ग मोकळा झाला. लिथियम-आयन बॅटरीसाठी दिलेल्या २०१९च्या नोबेलमध्ये याझामींचं नाव नव्हतं, याची मला अजून हळहळ वाटते.

ग्रॅफाइटमध्ये सहा कार्बन अणूंमागे एकच लिथियम मावतो. क्षमता ग्रॅममागे ३७२ मिलिअँपिअर-तास. सिलिकॉन त्याच्या जवळपास दहापट साठवतं. मात्र ग्रॅफाइट जेमतेम दहा टक्के फुगतं, तर सिलिकॉन पूर्ण भरल्यावर जवळजवळ चौपट. चार-दोन चार्जमध्ये कण तडकतात, तांब्याच्या पत्र्यावरचा लेप सुटतो, आणि प्रत्येक नव्या भेगेवर तो राखणीचा थर पुन्हा बसताना लिथियम खातो.

नॅनोची, म्हणजे अतिसूक्ष्म तारांची आणि कणांची, गरज पडली ती इथे. २००८मध्ये स्टॅनफर्डच्या यी चुई यांच्या गटाने सिलिकॉनच्या नॅनोतारा थेट धातूच्या पत्र्यावर उगवल्या. तारेभोवती फुगायला मोकळी जागा, आणि विजेला सरळ वाट. पुढे २०१२मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं की साधारण १५० नॅनोमीटरपेक्षा लहान सिलिकॉन कण पहिल्या चार्जमध्ये तडकतच नाहीत. ढेकूळ आणि भुरभुरीत माती!

अशा पदार्थांत अणूंची मांडणी कशी बदलते, हे क्ष-किरणांनी तपासता येतं. त्यासाठी लागणारा सिंक्रोट्रॉन (इलेक्ट्रॉन प्रचंड वेगाने फिरवून प्रखर क्ष-किरण देणारं यंत्र), २.५ गिगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टचा इंडस-२, आपल्या इंदुरातच राजा रामण्णा केंद्रात आहे. राजवाड्यावर गप्पा मारणाऱ्या आपल्या मुलांना हे ठाऊक असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

नॅनोची किंमतही मोजावी लागते. कण जितका बारीक तितका पृष्ठभाग जास्त, आणि तितकंच लिथियम पहिल्याच चार्जमध्ये थरात अडकतं. शिवाय असा माल बनवणं महाग. म्हणून बाजारातल्या बहुतेक सेलमध्ये अजून ग्रॅफाइटच मुख्य आहे. सिलिकॉन किंवा त्याचं ऑक्साइड असलंच तर थोडं मिसळलेलं.