सामुदायिक मेंटॉरिंग (हिंसेच्या वाटेला लागू शकणाऱ्या मुलांसाठी)

मारामारी, टोळकी, नशा किंवा घरातली रोजची मारझोड यांच्या कचाट्यात सापडू शकणाऱ्या पोरांबरोबर त्यांच्याच वाड्यावरच्या एखाद्या मोठ्या माणसाने बराच काळ नेटाने राहणं, याला सामुदायिक मेंटॉरिंग म्हणतात. मेंटॉर हा पोलिस नसतो, काउन्सेलर नसतो आणि शिकवणीचा सर तर नसतोच. आठवड्यातून एकदा भेटायचं, बरोबर खेळायचं, तिंट्यावरच्या (बाजारातल्या) हॉटेलात पातळभाजी-पाव खायचा, शाळेत काय झालं ते ऐकायचं आणि पोरगं एखाद्या भांडणात ओढलं जातंय असं दिसलं की मध्ये पडायचं, एवढंच काम. लिहिताना सोपं वाटतं, पण वर्ष-दीड वर्ष टिकवताना भल्याभल्यांचा दम निघतो.

याची सुरुवात साधारण 1904 सालची धरतात. न्यूयॉर्कच्या बाल न्यायालयात क्लार्क असलेल्या अर्नेस्ट कूल्टर यांनी कोर्टात येणाऱ्या मुलांसाठी शहरातल्या लोकांना 'मोठा भाऊ' व्हायला सांगितलं, त्यातूनच पुढे बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स ही संस्था उभी राहिली. 1995 मध्ये तिच्या कामावर मोठा अभ्यास आला. 10 ते 16 वयाची 959 मुलं, काहींना मेंटॉर दिला, बाकीच्यांना वेटिंगवर ठेवलं, आणि 18 महिन्यांनी पाहिलं तर मेंटॉरवाल्या मुलांत ड्रग्ज सुरू करण्याचं प्रमाण 46 टक्क्यांनी कमी आणि कुणावर हात उचलण्याचं जवळजवळ एक तृतीयांशाने कमी.

पण नाण्याची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे आणि नेमकी तीच कुणी सांगत नाही. बोस्टनजवळ केम्ब्रिज आणि सॉमरविल इथे 1939 ते 1945 मध्ये 506 मुलगे घेऊन असाच प्रयोग झाला, निम्म्यांना घरी येणारा मार्गदर्शक, डॉक्टर, शिकवणी, कॅम्प सगळं दिलं. तीसेक वर्षांनी जोन मॅकॉर्ड यांनी त्याच मुलांचा माग काढला आणि 1978 मध्ये जे छापलं त्याने सगळे गार पडले, कारण मदत मिळालेली मुलं काही बाबतींत मदत न मिळालेल्यांपेक्षा वाईट निघाली. एक संशय समर कॅम्पवर आहे: वांड पोरं एकत्र आणली की ती एकमेकांना फुशारक्या मारून दाखवतात आणि आणखी बिघडतात. दुसरा धडा 2002 च्या एका अभ्यासातला, तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या जोडीत मुलाचा स्वतःवरचा विश्वास उलट कमी झाला, खरा फायदा वर्षभर टिकलेल्या जोडीत दिसला. म्हणजे फोटो काढून महिन्याभरात गायब होणारा मेंटॉर नसलेलाच बरा.

शिकागोच्या शाळांमधला 'बिकमिंग अ मॅन' हा प्रोग्राम 2001 पासूनचा. त्यातला एक खेळ असा: दोघा मुलांची जोडी करायची, एकाच्या मुठीत बॉल द्यायचा आणि दुसऱ्याला सांगायचं, तीस सेकंदांत तो काढून घे. मग काय, बोटं पिरगाळणं, ढकलाढकली, कुणीतरी जमिनीवर लोळतंय. वेळ संपल्यावर सर विचारतात, अरे, नुसता मागितलास का नाही? पोरं म्हणतात, मागितला असता तर त्याने दिला थोडाच असता! आणि समोरचा म्हणतो, दिला असता की, साधा बॉल तर होता. चाचण्यांमध्ये प्रोग्राम चालू असताना या मुलांच्या हिंसक गुन्ह्यांतल्या अटका साधारण निम्म्यावर आल्या, मात्र प्रोग्राम संपला की तो परिणाम टिकला नाही. मुंबईत 'परिवर्तन' नावाच्या कामात हेच क्रिकेटच्या कोचमार्फत केलं, प्रॅक्टिस झाली की मुलींशी कसं वागायचं यावर गप्पा.

गोव्यात बाहेरून मेंटॉर आणायची गरजच नाही असं माझं मत आहे. फुटबॉलचा कोच आहे, भजनाचा बुवा आहे, शिगम्याच्या मांडावर, म्हणजे शिमग्याला गाव जमतो त्या जागेवर, ढोल-ताशा शिकवणारा आहे, पोरं या लोकांचं बापापेक्षा जास्त ऐकतात. नरकासुराच्या रात्री, म्हणजे दिवाळीच्या आदल्या रात्री, दोन वाड्यांची पोरं मोठमोठे स्पीकर लावून समोरासमोर आली की भांडण सोडवायला पोलिसांच्या आधी असाच कुणीतरी 'ए पात्रांव (बॉस), पुरे आता' म्हणत घुसतो. फक्त त्याला कुणी ट्रेनिंग देत नाही. आणि दुसरी अडचण अशी की मांड गावच्यांचा असतो. झुआरीनगर, चिंबलचं इंदिरानगर, मडगावचं मोती डोंगर अशा ठिकाणी बाहेरून आलेल्या कुटुंबांची जी भुरगीं (मुलं) वाढतात त्यांना सहसा तिथे कुणी बोलवत नाही, त्यामुळे गावचा मेंटॉर असून त्यांना नसल्यातच जमा.

1996 पासून गोव्यात काम करणाऱ्या 'संगत' संस्थेने 'युवा मित्र' या उपक्रमात 16 ते 24 वयाच्या तरुणांसाठी त्यांच्याच वयाचे शिक्षक तयार केले, 2011 मध्ये त्याचे निष्कर्ष आले आणि ग्रामीण भागात मारामारी आणि नैराश्य दोन्ही कमी दिसलं. कायद्यातही जागा आहे. 15 जानेवारी 2016 पासून लागू असलेल्या बाल न्याय कायद्यात बाल न्याय बोर्ड गुन्ह्यात सापडलेल्या मुलाला समुपदेशन, समाजसेवा किंवा देखरेखीखाली घरी राहणं असे आदेश देऊ शकतं, मुलाचं नाव छापता येत नाही. 2003 चा गोवा बाल कायदा पंचायत पातळीवर बाल समितीची सोय करतो, मेंटॉर निवडायला याहून चांगली जागा कुठली? गुन्ह्यात सापडलेल्या मुलांना ठेवतात त्या मेरशीच्या 'अपना घर'मधून सुटून पोरगं वाड्यावर परत येतं तेव्हा पहिल्याच आठवड्यात कुणीतरी भेटणं फार गरजेचं असतं, कारण जुने मित्र पहिल्याच संध्याकाळी भेटतात.

मेंटॉर निवडताना पोलिस व्हेरिफिकेशन करायचंच, बंद खोलीत एकट्याने भेटायचं नाही, घरच्यांना वेळ-जागा माहीत असली पाहिजे. तो पोलिस स्टेशनवर नावं पोचवतो असा वास पोरांना आला की काम खलास, पण लैंगिक अत्याचार कळला तर पॉक्सोखाली (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) कळवणं बंधनकारकच आहे आणि हे मुलाला आधीच सांगून ठेवायचं असतं. तातडीला 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे. राहिला पैशाचा प्रश्न, बहुतेक कोच पदरमोड करून हे करतात, निदान पेट्रोल आणि चहापाण्याचा खर्च तरी निघाला तर दुसऱ्या वर्षीही येतील.